भोपळ्याचा दिवा

गेल्या काही वर्षांपासून ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस आमच्या पुणे शहरात एक नवी मौज दिसू लागली आहे. मोठ्या दुकानांच्या दर्शनी काचांमागे, उपाहारगृहांच्या दारांत आणि नव्या वसाहतींच्या फाटकांपाशी लाल भोपळे मांडलेले असतात. त्यांचे डोळे त्रिकोणी, दात करवतीसारखे आणि पोटात दिवा. मुले काळे झगे घालून दारोदार खाऊ मागत हिंडतात. या सणाचे नाव हॅलोवीन. दसरा होऊन गेलेला असतो, दिवाळी कधी नुकतीच आटोपलेली तर कधी उंबरठ्यावर आलेली असते, आणि मध्येच हा पाहुणा येऊन बसतो.

या पाहुण्याविषयी पालकांत दोन तट पडले आहेत. ख्रिस्ती पालकांपैकी काही म्हणतात, हा भुताखेतांचा खेळ; श्रद्धावंताच्या घरी त्यास थारा नसावा. इतर पालकांपैकी काही म्हणतात, हा परक्यांचा सण. आपल्या मुलांस तो कशाला? याखेरीज एक तिसरा वर्ग आहे. तो वाद घालीत नाही. तो बाजारातून भोपळा आणतो, कोरतो, त्याचे छायाचित्र काढतो आणि चौथ्या दिवशी तो भोपळा केराच्या पेटीत टाकून मोकळा होतो. आमचा रोख मुख्यतः या तिसऱ्या वर्गाकडे आहे. पहिल्या दोघांशी थोडेसेच बोलावयाचे आहे. तेवढे आधी बोलून घेतो.

हॅलोवीन या शब्दाचा अर्थ ‘संतांच्या सणाची पूर्वसंध्या’ असा आहे. आठव्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी रोम येथे सर्व संतांच्या नावे एक प्रार्थनामंदिर अर्पण केले, आणि पुढील शतकात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस म्हणून पश्चिमेकडील मंडळीत सर्वत्र पाळला जाऊ लागला. दहाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास क्लूनी मठाचे मठाधिपती ओडिलो यांनी २ नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस ठरविला. आमच्या शहरातील कितीतरी ख्रिस्ती कुटुंबे आजही त्या दिवशी दफनभूमीत जातात, आप्तांच्या कबरी झाडून धुऊन स्वच्छ करतात, फुले वाहतात आणि मेणबत्त्या लावतात. तेव्हा ज्या सणाच्या नावातच संत आहेत, त्यास निव्वळ भुतांचा सण म्हणणे हे अर्धेच सत्य झाले. उरलेले अर्धे असे की, त्याच सुमारास आयर्लंडातील केल्ट लोकांचा सॉविन नावाचा जुना सुगीअखेरचा सण येत असे. त्या रात्री मृतात्मे फिरतात अशी त्यांची समजूत होती, आणि ती समजूतही या संध्येस चिकटून राहिली.

आता भोपळ्याचे पाहू. आयर्लंडात हा दिवा मुळी भोपळ्याचा नव्हताच. तेथे सलगम नावाचा कंद पोखरून त्यावर भेसूर तोंड कोरीत आणि आत ठिणगी ठेवीत. १८४५ पासून पडलेल्या बटाट्याच्या दुष्काळात लाखो आयरिश लोक अमेरिकेस गेले. तेथे त्यांस सलगमापेक्षा मोठा, मऊ आणि कोरण्यास सोपा असा लाल भोपळा मिळाला, आणि कंदाची जागा फळाने घेतली. आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात डोनेगॉल परगण्यातील फिनटाऊन गावच्या सलगमाच्या एका दिव्याचे दर्शन घडते. १९४३ साली एका शाळेच्या शिक्षिकेने तो संग्रहालयाकडे दिला. असे दिवे करण्याची चाल आता मोडत चालली आहे, म्हणून हा जपून ठेवावा, असा त्यांचा हेतू होता. मात्र कंद तो कंदच. तो किती दिवस टिकणार? म्हणून संग्रहालयाने त्याची प्लास्टरची प्रतिकृती करून घेतली. कोरलेली भाजी टिकवावी कशी, हा प्रश्न मोठमोठ्या संस्थांनाही पडतो, एवढे यावरून विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

‘परक्यांचा सण’ म्हणणाऱ्यांस आम्ही एवढेच विचारतो की, दारावर भेसूर तोंड टांगून अरिष्ट टाळावे ही कल्पना आपणांस खरोखर परकी आहे काय? नवी इमारत उभी राहिली की तीवर काळी बाहुली किंवा राक्षसाचा मुखवटा चढतो. कित्येक घरांच्या आणि दुकानांच्या दारांवर दृष्ट लागू नये म्हणून कोहळा टांगलेला असतो. दसऱ्यास तोच कोहळा कुंकू लावून रस्त्यात फोडतात, आणि त्यावरून पुष्कळांचे पाय व वाहनांची चाके घसरतात. आयर्लंडातील शेतकऱ्याने सलगम कोरला आणि आमच्या वाण्याने कोहळा टांगला. दोघांच्या मनातील भीती एकाच जातीची. आम्ही त्या भीतीचे समर्थन करीत नाही. परंतु शेजाऱ्याच्या भीतीस हसताना स्वतःच्या दारावर काय लोंबते आहे हे पाहावे, एवढेच आमचे म्हणणे. आणखी असे की, खुद्द लाल भोपळाही मूळचा आपला नव्हे. तो अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या काळात समुद्रमार्गे आपल्याकडे आला असे मानतात. आज मात्र भोपळ्याच्या घारग्यांस परके म्हणणारा मनुष्य महाराष्ट्रात सापडणार नाही.

म्हणून सण आणावा की न आणावा, हा वाद आम्ही येथेच सोडतो. ज्याने त्याने आपल्या घरी त्याचा निर्णय करावा. आमची तक्रार निराळी आहे. आपण या सणातून नेमका काय उचलला, तर तीन दिवसांत नासणारा भाग. संतांचे स्मरण उचलले नाही, मृतांविषयीची कृतज्ञता उचलली नाही, सुगीचे धान्य घरात आल्याचे समाधान उचलले नाही. उचलला तो भोपळा, आणि तोही फेकून देण्यासाठी.

भोपळा म्हटला की विद्यार्थ्यांस परीक्षेच्या कागदावरील शून्य आठवते. परंतु या फळाकडे शास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. लाल भोपळ्याच्या गरात शेकडा नव्वदांहून अधिक पाणी असते. अखंड भोपळा कोरड्या, हवेशीर जागी महिनोन्‌महिने राहतो. कारण त्याची कठीण साल आतील पाणी बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरची बुरशी आत येऊ देत नाही. आपण सुरी घातली की हा कोट फुटतो. मग दोन शत्रू एकदमच हल्ला करतात. पाणी उडून गेल्यामुळे कापलेल्या कडा आक्रसतात व चेहरा सुरकुततो; आणि ओल्या, गोडसर गरावर बुरशी आपले ठाणे मांडते. आत मेणबत्ती लावली म्हणजे तिच्या उष्णतेने गर आतून शिजतो व नासण्यास अधिकच मदत होते. आमच्याकडील ऑक्टोबरातील दुपारचे ऊन हा तिसरा शत्रू. थंड देशांत आठवडाभर राहणारा भोपळा पुण्यात दोन-तीन दिवसांतच मान टाकतो, यात नवल नाही.

ज्यांस हा दिवा करावयाचाच आहे, त्यांनी निदान तो जाणून करावा. भोपळा देठासह असलेला, घट्ट सालीचा, डाग वा खोक नसलेला घ्यावा. सणाच्या आदल्या दिवशीच कोरावा, आधी नव्हे. शक्य तर तोंड वरून न उघडता खालून किंवा मागून उघडावे. आतील दोरे व बिया पूर्ण काढाव्यात आणि भिंत अंगठ्याच्या रुंदीइतकी राहीपर्यंत गर खरवडावा. जेवढा ओला गर मागे राहील तेवढी बुरशीस मेजवानी. नंतर सुमारे चार लिटर पाण्यात कपड्यांचे ब्लीच चहाचा एक चमचा घालून त्या पाण्याने भोपळा आतून-बाहेरून धुवावा, उपडा ठेवून पूर्ण कोरडा करावा आणि कापलेल्या कडांस व्हॅसलीनचे पातळ बोट फिरवावे. ब्लीचने बुरशीचे बीज मरते, व्हॅसलीनने पाणी कोंडून राहते. म्हणून हा क्रम उलटू नये, नाही तर बुरशीच आत कोंडली जाईल. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा अन्य आम्ल कदापि मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. आत मेणबत्तीऐवजी बॅटरीवरचा लहान दिवा ठेवावा. दिवसा भोपळा सावलीत व रात्री शीतकपाटात असावा. सुरी मोठ्या माणसाच्या देखरेखीवाचून लहानांच्या हाती देऊ नये. एवढे सर्व केले तर तीन दिवसांचा भोपळा सहा-सात दिवस तग धरतो.

सहा-सात दिवस! वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. इतके सोपस्कार करून आपण काय मिळविले, तर मरण चार दिवसांनी पुढे ढकलले. शिवाय ब्लीच लावलेला तो भोपळा आता माणसाच्या कामाचा नाही आणि गाईगुरांच्याही नाही. ज्या मंडईत आमच्या काही विद्यार्थ्यांच्या माता भोपळ्याची फोड पावकिलो-अर्धा किलो तोलून घेतात व तेवढ्यात दोन वेळची भाजी करतात, त्याच मंडईतून कोणी अखंड भोपळा केवळ तोंड वेंगाडण्यासाठी घेऊन जातो. हे दोन्ही घरांतले मुलगे आमच्या वर्गात एकाच बाकावर बसतात. एकाने घरची मौज रंगवून सांगावी आणि दुसऱ्याने ती मुकाट्याने ऐकावी, हे आम्हांस बरे वाटत नाही. दोष मुलांचा नाही; अन्न आणि खेळणे यांतील सीमारेषा त्यांस दाखवून देणे हे वडीलधाऱ्यांचे काम आहे.

ज्यांस टिकाऊपणा हवा आहे, त्यांनी निसर्गाच्या शाळेत जावे. कोहळ्याकडे पाहा. पिकलेल्या कोहळ्यावर पांढरी भुकटी दिसते ती त्याने स्वतःच तयार केलेल्या मेणाची असते. तो शिंक्यात टांगला असता कित्येक महिने जसाच्या तसा राहतो. आम्ही बाटलीतून घेऊन लावतो ते व्हॅसलीन त्याने वेलीवर असतानाच अंगास लावलेले असते. आणि त्याहूनही मोठा गुरू म्हणजे कडू भोपळा, ज्यास आपण तुंबा म्हणतो. तो दुधी भोपळ्याचाच भाऊबंद. चवीला कडू, म्हणून ताटात त्यास मान नाही. परंतु तो वेलीवर पूर्ण पिकू दिला, देठ वाळू दिला आणि मग सावलीत टांगून सुकविला, म्हणजे आतील सारे पाणी निघून जाते, साल लाकडासारखी कठीण होते आणि आतल्या बिया खुळखुळू लागतात. त्यानंतर त्यास ना ब्लीच लागते, ना शीतकपाट.

अशा तुंब्याने आपल्या लोकांची किती सेवा केली आहे! साधूच्या हातातील पाण्याचे पात्र त्याचेच. विहिरीत पोहावयास शिकणाऱ्या मुलाच्या पाठीस सुका भोपळा बांधण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे. डहाणू-जव्हारकडील वारली बांधव ज्या तारप्याच्या सुरावर फेर धरून नाचतात, त्या तारप्याचे पोट सुक्या भोपळ्याचे असते. बस्तरमधील कारागीर तापविलेल्या लोखंडी सुरीने तुंब्यावर पाने, पाखरे व माणसे डागून काढतात, आणि अलीकडे त्यास छिद्रे पाडून सुंदर दिवेही बनवितात. भोपळ्याचा कोरीव दिवा पाहावयाचाच असेल तर तो हा पाहावा. कोरला म्हणून नासला, असे त्याचे होत नाही.

परंतु तुंब्याचा खरा गौरव पाहावयाचा तर मिरजेस गेले पाहिजे. पंढरपूर-मंगळवेढे या भागात, भीमेच्या परिसरात, मोठे कडू भोपळे पिकतात. ते सुकून मिरजेस येतात. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास शस्त्रांस धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला. तलवारींचे दिवस सरले होते. ज्या हातांनी शस्त्रे पाजळली त्याच हातांनी तंबोरे घडविले. तो धंदा पिढ्यानुपिढ्या चालू राहिला आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. कारागीर सुका भोपळा पाण्यात भिजवून कापण्याजोगा करतो, पोट उघडतो, बिया व वाळलेला गर खरवडून काढतो, त्याचा आकार नीट बसवून पुन्हा सुकू देतो. मग त्यास लाकडी दांडी जोडतो, नक्षी करतो आणि तारा चढवितो. एक भोपळा अशा रीतीने पन्नास-पन्नास वर्षे गातो. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचे वास्तव्य याच मिरजेत होते. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व. आणि सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३ सालापासून आमच्या पुण्यात संगीत महोत्सव भरत आला आहे. त्या मंडपात गायकाच्या मागे तंबोरा झंकारतो तेव्हा श्रोते डोलतात. आपण एका कडू भोपळ्यासमोर माना डोलावीत आहोत, हे किती जणांच्या ध्यानात येत असेल?

पुण्याच्या विद्यार्थ्यांनी फार लांब जाण्याचेही कारण नाही. राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी वाद्ये मांडलेली आहेत. ती पाहताना वाद्याच्या नक्षीवरच नजर न ठेवता त्याचा भोपळा निरखावा, त्यास नासू न देणाऱ्या हातांची आठवण करावी.

आता आमची सूचना सांगतो. जूनमध्ये शाळा उघडतात त्याच सुमारास आवारातील कुंपणाशी तुंब्याच्या चार बिया लावाव्यात. पावसाळ्यात वेल चढेल, दिवाळीच्या आसपास फळे धरलेली असतील. ती तोडण्याची घाई करू नये. वेल वाळू लागला आणि देठ तपकिरी झाला म्हणजे बोटभर देठ ठेवून फळ कापावे व हवेशीर सावलीत टांगावे. सालीवर बुरशीचे डाग येतील; घाबरू नये, कोरड्या फडक्याने पुसावेत व फळ फिरवून टांगावे. फळाच्या आकाराप्रमाणे दोन ते सहा महिने लागतात. बिया वाजू लागल्या म्हणजे साल ओल्या फडक्याने मऊ करून बोथट सुरीने खरवडावी, बारीक करवतीच्या पात्याने बूड उघडावे, आत साफ करावे आणि हव्या त्या नक्षीची भोके पाडावीत. हे काम करताना नाकातोंडावर फडके बांधावे. सुक्या तुंब्याची धूळ घशास बाधते. शेवटी तेलाचा वा व्हार्निशचा हात द्यावा आणि बॅटरीचा लहान दिवा आत ठेवावा. हा दिवा हॅलोवीनला लावा, दिवाळीला लावा, नाताळात तारा कोरून गोठ्यावर टांगा. तो कोणत्याच सणास नाही म्हणणार नाही. दहावीत गेलेला विद्यार्थी पाचवीत केलेला आपला दिवा पाहील तेव्हा त्याची वातही शिल्लक असेल आणि आठवणही.

यास वेळ लागतो, असा आक्षेप कोणी घेईल. लागतो खरा. या जूनमध्ये लावलेले बी या ऑक्टोबरात दिवा होत नाही, पुढल्या ऑक्टोबरात होते. पण शाळेत दुसरे काय चालते? परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केलेला धडा तीन दिवसांत नासतो, आणि त्यास वरून कितीही लेप लावला तरी सहाव्या दिवशी मान टाकतोच. जो धडा वर्षभर वेलीवर पिकला आणि सावकाश सुकला, त्यातूनच पुढे नाद निघतो. हे आम्ही वर्गात शंभरदा सांगतो आणि मुले जांभया देतात. कुंपणावरचा तुंबा हेच न बोलता सांगेल, आणि त्याचे मुले ऐकतील अशी आम्हांस आशा आहे.

आणि लाल भोपळा? तो आणावा, अवश्य आणावा. मुलांनी आईजवळ बसून तो चिरताना पाहावा, बिया धुऊन, वाळवून, मीठ लावून भाजाव्यात, काही पुढील पावसाळ्यासाठी ठेवाव्यात. गराचे घारगे करावेत, भरीत करावे, आणि शेजारच्या घरी एक वाटी पाठवावी. ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी दारोदार खाऊ मागत हिंडण्यापेक्षा घारग्यांचे ताट घेऊन दारोदार जाणारी मुले आम्हांस पाहावयास आवडतील. जुन्या काळी युरोपातही त्या सणास घरोघरी भाजलेल्या पोळ्या वाटीत असत व त्याबदली मृतांसाठी प्रार्थना मागीत असत. आमच्या दारी तसे झाले तर संतांचा दिवस खऱ्या अर्थाने साजरा होईल, आणि मंडईतला भोपळा केराच्या पेटीत न जाता जेथे जावयास हवा तेथेच, म्हणजे पोटात, जाईल.